ओटीटीवाल्यांनो, सिनेमा संपला की नाही ते आम्हाला ठरवू द्या

ओटीटी प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या, त्यांची ॲप्स डिझाइन करणाऱ्या आणि प्रेक्षकाला पुढे काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. सिनेमाचं शेवटचं दृश्य संपून नावं वर सरकायला लागली रे लागली की तुम्ही ती एवढ्याशा चौकोनात कोंबून कोपऱ्यात ढकलता, उरलेल्या स्क्रीनभर भलत्याच सिनेमाचं पोस्टर लावता, आणि बाजूला सेकंद उलटे मोजायला सुरुवात. रिमोट शोधून नेमकं बटण दाबेपर्यंत नवीन ट्रेलर जोरजोरात वाजायला लागलेला असतो. हे थांबवा, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय. म्हणजे सोय ठेवा खुशाल, ज्याला हवी तो वापरेल, पण आम्ही मागितल्याशिवाय चालू करू नका.

मी गेल्या काही महिन्यांत खूप चांगलं बघितलं आणि वाचलं, काही नवीन, काही जुनंच पुन्हा, आणि त्यातलं जे मनात राहिलं त्यातलं बरंचसं शेवटच्या पाच मिनिटांत किंवा शेवट झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत घडलेलं आहे. म्हणून एकेक घेऊन सांगते. शेवटांबद्दल उघड बोलणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी बघायचंय वाचायचंय त्यांनी पत्र बाजूला ठेवा, मला अजिबात राग येणार नाही.

सुरुवात 'परफेक्ट डेज'पासून करते कारण सध्या मी भेटेल त्याला हाच बघायला सांगतेय. विम वेंडर्सचा २०२३ चा सिनेमा, टोकियोत सार्वजनिक शौचालयं साफ करणाऱ्या हिरायामा नावाच्या माणसाची गोष्ट. गोष्ट म्हणावी असं फार काही घडत नाही. तो सकाळी उठतो, झाडांना पाणी घालतो, गाडीत जुन्या कॅसेटी लावतो, कामावर जातो, दुपारी बाकावर बसून झाडाचे फोटो काढतो, रात्री दिव्याखाली पुस्तक वाचत झोपतो. एका ठिकाणी तो शौचालयाच्या भांड्याच्या खालची बाजू साफ झालीय का हे बघायला छोटा आरसा धरतो, जिथे कोणी कधीच बघणार नाही तिथे, आणि त्या एका कृतीत मला तो माणूस आख्खा कळला, कुणी काही बोलायची गरजच उरली नाही. कोजी याकुशो हे काम करतात, २०२३ च्या कान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि सिनेमाभर त्यांच्या तोंडी वाक्यं किती तर अगदी मोजकी.

शेवटी तो सकाळी गाडी चालवत असतो, गाणं लागलेलं असतं आणि कॅमेरा फक्त त्याच्या चेहऱ्यावर. तो हसतोय असं वाटतं, मग डोळे भरतात, परत हसतो, आणि आपल्याला कळत नाही की हे सुख आहे की आजवर आत दाबून ठेवलेलं काहीतरी वर आलंय. बरं, हा शेवट नाहीच. पूर्ण नावं येऊन गेल्यावर एक मजकूर येतो, पानांमधून झिरपणाऱ्या उजेडाबद्दल, वाऱ्याबरोबर हलणाऱ्या त्या सावल्यांबद्दल, की ती नक्षी त्या क्षणी एकदाच असते. आणि मग लक्षात येतं की हा माणूस रोज त्याच झाडाचा फोटो का काढतो ते! दिग्दर्शकाने किल्ली मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलीय. मी ज्यांना ज्यांना सिनेमा बघायला लावला त्यातल्या जवळजवळ कुणालाच हा मजकूर माहीत नव्हता, कारण तोपर्यंत समोर दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. आता मला सांगा, सिनेमा पूर्ण दाखवला असं तुम्ही कुठल्या हिशोबाने म्हणता?

दुसरा 'द झोन ऑफ इंटरेस्ट', जोनाथन ग्लेझरचा, हाही २०२३ चाच. ऑशविट्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस आणि त्याचं कुटुंब छावणीच्या भिंतीला लागून राहतंय, बाग फुलवलीय, पोरं खेळतायत, पाहुणे येतायत. भिंतीपलीकडे काय चाललंय ते कॅमेरा एकदाही दाखवत नाही, फक्त ऐकू येतं. गोळ्यांचे आवाज, ओरडणं, भट्ट्यांची ती सतत चाललेली घरघर. सुरुवातीलाच बराच वेळ स्क्रीन काळी राहते आणि नुसतं संगीत वाजतं, मला वाटतं ते आपल्या कानांना तयार करण्यासाठीच आहे, की बाबा आता डोळ्यांवर विसंबू नकोस, हा सिनेमा ऐकायचाय. घरच्या बाईची आई राहायला येते, आधी घर बघून हरखते, आणि मग एका रात्री न सांगता निघून जाते. मागे चिठ्ठी ठेवते, मुलगी ती वाचून जाळून टाकते, चिठ्ठीत काय होतं ते आपल्याला कधीच कळत नाही. कळायची गरजही नाही. याला ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय सिनेमाबरोबर ध्वनीचाही पुरस्कार मिळाला तो उगीच नाही.

आणि शेवटी नावं येताना मिका लेवीचं जे संगीत वाजतं ते संगीत म्हणावं की किंकाळ्या म्हणाव्या मला माहीत नाही, अंगावर काटा येतो. सिनेमाभर जे भिंतीपलीकडे होतं ते तिथे भिंत फोडून आत आल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तिथे, नेमकं त्या क्षणी, माझ्या स्क्रीनवर एका रोमँटिक कॉमेडीचं पोस्टर आलं, हसणारं जोडपं, पाच सेकंद, चार, तीन... एवढा रसभंग मी आयुष्यात क्वचित अनुभवलाय. आणि इथे तर रसभंग हा शब्दही कमी पडतो, कारण तो सिनेमा याच गोष्टीबद्दल आहे ना, की बाजूला काय चाललंय तिकडे लक्ष न देता माणसं आपल्या आपल्या मजेत कशी राहू शकतात.

मालिकांकडे येते. 'ॲडोलेसन्स' बघून झाली, २०२५ ची, चारच भाग, आणि प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलेला, मधे एकही कट नाही. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. सगळे पहिल्या भागाबद्दल बोलतात पण माझ्या मते तिसरा भाग म्हणजे कळस. एक खोली, तो मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ बाई, बस्स. ती त्याच्यासाठी स्वतःचं अर्धं सँडविच आणते, आवाज मऊ ठेवते, आणि मुलगा कधी लहान बाळासारखा वागतो तर कधी एकदम उठून असा अंगावर येतो की आपण खुर्चीत मागे सरकतो. त्याला ओढत बाहेर नेल्यावर ती एकटी उरते, इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडते, सामान आवरायला लागते, त्याने चावा घेतलेलं ते सँडविच उचलायला हात पुढे नेते आणि हात मागे घेते. कसला अभिनय आहे तो! एरिन डोहर्टी आणि ओवेन कूपर दोघांनाही एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाली, ओवेन तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या बाईचा हात जसा मागे गेला तसं प्रेक्षकालाही दोन मिनिटं मागे सरकून बसायचं असतं हो. आणि तुमचा चौकोन येतो, पुढचा भाग इतक्या सेकंदात. चौथा भाग तर तिसऱ्यानंतर लगेच बघूच नये अशा मताची मी आहे, कारण तो घरच्यांचा भाग आहे, त्याची गती वेगळी, दुःख वेगळं, त्यात शिरायच्या आधी मन रिकामं व्हायला लागतं.

याच्या उलट 'स्टार वॉर्स'च्या जगातल्या 'अँडॉर' मालिकेचा दुसरा सीझन २०२५ मध्ये आला तो आठवड्याला तीन भाग असा, बारा भाग चार आठवड्यांत, आणि दर तीन भागांत कथेतलं एक वर्ष पुढे जातं. हे मला फार म्हणजे फार आवडलं. अंतराळातली लेझरची मारामारी बघायला म्हणून बसलेल्या माणसाला ही मालिका सांगते की दडपशाही कशी हळूहळू, फाइली हलवत, बैठका घेत, बातम्या वाकवत येते. वर्ष संपलं की आम्ही मित्रमंडळी आठवडाभर त्यावरच बोलायचो, कोण कुठे चुकलं, कुणी काय गमावलं, आणि पुढचे तीन भाग येईपर्यंत मागचे तीन नीट मुरलेले असायचे. म्हणजे थांबवायचं कसं हे तुम्हा लोकांना कळतं की, ठरवलं तर जमतंही.

आणि 'शोगुन', २०२४ ची, सोळाशेच्या सुमाराच्या जपानची गोष्ट, दहा भाग, एका सीझनला अठरा एमी, जो विक्रम झाला. बहुतेक संवाद जपानीत आहेत आणि त्यामागची मेहनत ऐकून मी थक्क झाले. आधी इंग्रजीत लिहायचं, मग जपानीत भाषांतर, मग ते जपानी त्या काळाला शोभेल असं एका नाटककाराकडून घडवून घ्यायचं, आणि मग परत त्यावरून इंग्रजी सबटायटल. इतक्या हातांतून गेलेलं वाक्य आपण स्क्रीनच्या खालच्या ओळीत दोन सेकंदांत वाचून मोकळे होतो. पण यांची नावं कुठे असतात? शेवटी. सबटायटल करणाऱ्यांची, डबिंग करणाऱ्यांची नावं तर हमखास तळाशी, सगळी गर्दी सरकून गेल्यावर, जिथपर्यंत तुम्ही कुणाला पोचूच देत नाही. जुन्या सिनेमांत सगळी नावं सुरुवातीलाच यायची आणि शेवटी फक्त 'समाप्त' अशी पाटी, तेव्हा निदान नावं डोळ्यांखालून जायची तरी. आता ती शेवटी गेली आणि शेवट तुमच्या ताब्यात गेला. महिनोनमहिने जीव ओतून काम केलेल्या माणसाचं नाव टपाल तिकिटाएवढ्या चौकोनात दाखवायचं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

पुस्तकांचं बघा. कादंबरी असं कधी करत नाही, शेवटचं पान उलटल्यावर मागचा कोरा कागद तुम्हाला पाहिजे तेवढा वेळ देतो. मार्गारेट ॲटवूडची 'द हँडमेड्स टेल' मी परत वाचली, १९८५ ची कादंबरी, बायकांना फक्त मुलं जन्माला घालण्यासाठी मालकांच्या घरी ठेवणाऱ्या एका हुकूमशाहीची गोष्ट. नायिका गाडीत चढते, पुढे अंधार आहे की उजेड तिलाच माहीत नाही, आणि तिची गोष्ट तिथे संपते. पण पान उलटलं की 'ऐतिहासिक टिपणं' म्हणून एक प्रकरण आहे. साल २१९५, कुठल्यातरी परिषदेत एक प्राध्यापक या बाईच्या सापडलेल्या ध्वनिफितींवर भाषण देतोय, मधेमधे विनोद करतोय, लोक हसतायत. इतका वेळ आपण जिच्याबरोबर श्वास रोखून होतो तिचं दुःख या लोकांसाठी अभ्यासाचा विषय झालंय, आणि त्या प्राध्यापकाला तिच्यापेक्षा तिच्या मालकाचं नाव शोधण्यातच जास्त रस आहे. ते वाचताना जो संताप येतो तो मूळ गोष्टीच्या संतापाहून वेगळा आहे, जास्त जवळचा आहे, कारण त्या सभागृहात आपणही बसलेलो असू शकतो. बरेच जण ते परिशिष्ट समजून सोडून देतात. माझं तर म्हणणं आहे की ते सोडलं तर कादंबरी अर्धीच वाचली.

क्लेअर कीगनची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' २०२१ ची, इतकी छोटी की एका बैठकीत होते. १९८५ सालचं आयर्लंड, कोळसा विकणारा साधा माणूस, आणि गावातल्या मठात मुलींना कसं राबवलं जातंय हे त्याच्या नजरेला पडतं. तो एका मुलीला सोबत घेऊन घराकडे निघतो आणि पुस्तक तिथेच संपतं. घरात गेल्यावर बायको काय म्हणेल, गाव काय करेल, धंदा टिकेल का, काही नाही. सगळं आपल्यावर सोडलंय. मागे लेखिकेची छोटी टीप आहे, अशा संस्थांमधली शेवटची १९९६ मध्ये बंद झाली असं त्यात आहे, आणि १९९६ म्हणजे अगदी कालपरवाचं हे लक्षात आल्यावर पोटात गोळा येतो. हे सुद्धा शेवटानंतरच.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काही दिलं ते 'द रिमेन्स ऑफ द डे'ने. काझुओ इशिगुरोची १९८९ ची कादंबरी, त्या वर्षीचं बुकर तिलाच. स्टीव्हन्स नावाचा बटलर स्वतःची गोष्ट सांगतो, इतक्या अदबीने, इतक्या मोजूनमापून की त्याला काही वाटतंय की नाही तेच कळत नाही. १९२३ साली मोठमोठ्या पाहुण्यांची परिषद चालू असते आणि वरच्या मजल्यावर त्याचे वडील वारतात, तो खाली ट्रे घेऊन फिरत राहतो. आणि त्यावेळी कुणीतरी त्याला विचारतं की तू बरा आहेस ना, रडतोयस असं वाटतंय. तेव्हा आपल्याला कळतं! तो स्वतः सांगतच नाहीये की तो रडतोय, फक्त दुसरा काय म्हणाला एवढं सांगतो, आणि दमलोय म्हणून विषय मिटवतो. मी ते पान परत परत वाचलं, सगळा माणूस त्या न सांगण्यात आहे.

मग सिनेमा बघितला, जेम्स आयव्हरीचा १९९३ चा, अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्प्सन. पुस्तकाच्या शेवटी स्टीव्हन्स संध्याकाळी समुद्रकाठच्या बाकावर बसून ठरवतो की आता मालकाशी थट्टामस्करी करायचा सराव करायचा, म्हणजे सगळं आयुष्य हातातून गेल्यावरही हा माणूस परत नोकरीतल्या एका कौशल्याकडेच वळतो. सिनेमात तसं नाही. एक कबूतर घरात शिरतं, त्याला बाहेर काढतात, स्टीव्हन्स खिडकी लावून घेतो आणि कॅमेरा वर वर जात ते आख्खं घर लहान होत जातं. मला पुस्तकाचा शेवट जास्त आवडतो, कबूतर जरा जास्तच समजावून सांगतं असं माझं मत, पण ते दूर जाणारं घर बघत बसायला मला वेळ हवा होता, दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघायचे होते. तो वेळ मला कसाबसा मिळाला कारण रिमोट हातातच धरून बसले होते. सिनेमा बघताना शेवट जवळ आला की रिमोट हातात घेऊन तयारीत राहायचं, ही सवय तुम्ही लावलीत हो आम्हाला. भावुक व्हायच्या वेळी अंगठा बटणावर.

काही सिनेमे तर तुमच्या यंत्राला सरळ चकवतात. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', २०१४ चा, परत बघितला. सुट्टी लागते, न्यायालयातले लोक निघून जातात, दिवे मालवतात, स्क्रीन काळी होते आणि काळीच राहते. कुणालाही वाटेल संपला. आणि मग सुरू होतं न्यायाधीशाचं सुट्टीतलं सहलीचं प्रकरण, जिथे तो बाकावर डुलकी घेत असतो, पोरं ओरडून दचकवतात, तो एकाच्या थोबाडीत मारतो आणि परत झोपतो. दोन तास आपण ज्या व्यवस्थेचा कोरडेपणा बघितला तो सगळा त्या एका थपडेत आहे. त्या काळ्या पडद्यावर माणूस उठून गेला तर त्याने 'कोर्ट' बघितलाच नाही. 'द सोप्रानोज' मालिकेचा २००७ चा शेवटही असाच, मधेच काळोख, मग आवाजाविना नावं, ती शांतता हाच शेवट आहे. आणि 'कॉल मी बाय युअर नेम' मध्ये तर मुलगा शेकोटीसमोर बसून रडतोय आणि नावं त्याच्या चेहऱ्यासोबतच येत राहतात, शेवटी मागून हाक येते आणि तो मान वळवतो. इथे नावं लहान केली म्हणजे चेहरा लहान केला. एवढं साधं आहे हे.

मला माहितीये की माणूस ॲपवर टिकून राहावा हे तुमचं काम आहे. आणि हलकीफुलकी मालिका लावून घरकाम करताना पुढचा भाग आपोआप लागला तर मलाही बरंच वाटतं, त्याला माझी ना नाही. पण ज्या माणसाने दोन तास एकटक बघितलंय त्याला त्याच क्षणी दुसरं काहीतरी विकू नका. ज्या सिनेमाबरोबर मला शांत बसता आलं तोच मी दहा जणांना सांगते, आणि ते दहा जण तुमच्याकडेच येतात.

तर मागणी अशी. सिनेमा किंवा मालिकेचा शेवटचा भाग संपला की नावं पूर्ण स्क्रीनवर, पूर्ण आवाजात, शेवटपर्यंत जाऊ द्या, आणि पुढचं काय ते नावं संपल्यावर दाखवा. आपोआप पुढे जाण्याची सोय मुळात बंद असू द्या, ज्याला हवी तो चालू करेल. बंद करायचं बटण वेबसाइटच्या कुठल्यातरी आतल्या पानात लपवू नका, टीव्हीवरच्या ॲपमध्ये समोर ठेवा, आणि एकदा बंद केलं की पुढच्या अपडेटनंतरही बंदच राहू द्या. ज्यांची नजर किंवा हात तितके चपळ नाहीत त्यांना पाच सेकंदांत बटण गाठणं जमत नाही, त्यांचाही विचार करा. नावं संपल्यावर काही दृश्य किंवा मजकूर असेल तर तशी खूण टाका, ती माहिती बनवणाऱ्यांकडे असतेच, मागितली तर देतील. आणि सबटायटल, डबिंग करणाऱ्यांची नावं सिनेमाच्या माहितीच्या पानावरही लिहा, कलाकारांच्या खाली दोन ओळी जास्त लागतील फक्त.

यातलं काहीही केलंत तर ॲपच्या अपडेटसोबत जी नोंद येते त्यात स्पष्ट लिहा. "किरकोळ सुधारणा" असं नको. मी त्या नोंदी वाचते.

आपली,
एक नियमित प्रेक्षक आणि वाचक